माळ्यावरचा पीसी खाली काढा

डोंबिवलीत फायबर जोडायला आलेला मुलगा अर्ध्या तासात पुढच्या बिल्डिंगकडे पळतो. जाताना वायफायचा पासवर्ड म्हणून तुमचाच मोबाइल नंबर टाकून जातो. राउटरच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहतो: अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. तुमचा नंबर वाण्याला, कुरिअरवाल्याला, सोसायटीच्या अख्ख्या ग्रुपला पाठ आहे. सेफ्टी डोअरला दोन-दोन कड्या लावणारी माणसं हे दार सताड उघडं ठेवून झोपतात, याचा मला राग येतो.

ठाणे जिल्ह्याने याचे परिणाम पाहिले आहेत. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत पोचला. तिथे राहणाऱ्या अमेरिकन भाडेकरूचा स्फोटांशी संबंध नव्हता. त्याचं वायफाय भलत्याच कुणीतरी वापरलं होतं. चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्यामागे लागला. पुढे २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने तर माणूस जवळपास असण्याचीही गरज ठेवली नाही. कारखान्यातल्या साठेक पासवर्डांची यादी घेऊन त्याने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले.

उपाय बहुतेक घरांत धूळ खात पडलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि नव्या विंडोजला नको असलेले कितीतरी धडधाकट पीसी माळ्यावर चढले. त्यातला एक खाली काढा आणि त्याचीच घरच्या नेटवर्कसाठी फायरवॉल बनवा. प्रोसेसर ६४-बिट हवा, चार जीबी रॅम पुरते, हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी टाका. लॅन पोर्ट मात्र दोन लागतात: एक बाहेरच्या वायरसाठी, एक घरासाठी. दुसरं लॅन कार्ड लॅमिंग्टन रोडवर मिळेल. इंटेल चिपचंच मागा, कारण फायरवॉलचं सॉफ्टवेअर ज्या फ्रीबीएसडीवर चालतं तिथे स्वस्त चिपची कार्डं ऐन वेळी दगा देतात. सॉफ्टवेअर फुकट आहे. पीएफसेन्स २००४ पासून आहे, त्यातूनच २०१५ मध्ये ओपीएनसेन्स वेगळं झालं. मी नवख्याला दुसरं सुचवतो, त्याची मांडणी सरळ आहे.

ऑपरेटरला फोन करून त्याचा डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड मागून घ्या. तो कुरकुरेल. कनेक्शनचे पैसे तुम्ही भरता, मागे हटू नका. जुना वायफाय राउटर फेकायचा नाही: त्याचे दोन्ही पासवर्ड बदला, डीएचसीपी बंद करा, वायर त्याच्या लॅन पोर्टला लावा, तो नुसतं वायफाय पसरवेल.

विजेचा हिशेब आधी करा. जुना डेस्कटॉप नुसता बसून पन्नासेक वॉट खातो, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. महावितरणच्या बिलात ते दिसतात. ऑफिसांतून निघालेला थिन क्लायंट किंवा मिनी पीसी दहा-बारा वॉटमध्ये भागवतो, म्हणून जमल्यास तोच घ्या. लॅन पोर्ट किती आहेत तेवढं पाहून घ्या. पेंटियम ४ चा मोह नको, तो ई-कचरा संकलनातच द्या.

‘आमच्या केबलवाल्याकडे शंभर घरांना मिळून एकच आयपी, बाहेरून कोण येणार?’ असं ऐकवणारे भेटतात. बाहेरून थेट येणं अवघड होतं, हे खरं. पण ऑपरेटरने नेटवर्क नीट वेगळं केलेलं नसेल तर त्याच वायरवरचा, मानपाडा रोडवरच्या कुणाचा तरी व्हायरस लागलेला पीसी तुमच्या डब्यापर्यंत येऊ शकतो. आणि धोका घरातही असतो. टीव्ही, कॅमेरा, स्वस्तातला स्मार्ट बल्ब हे सगळं बँकेच्या लॅपटॉपशेजारी एकाच नेटवर्कवर असतं. फायरवॉलमध्ये त्यांची वेगळी खोली करता येते: तिथून इंटरनेटवर जा, लॅपटॉपकडे वळू नका. त्यासाठी मॅनेज्ड स्विच आणि व्हीलॅन समजणारा राउटर, नाहीतर तिसरं कार्ड आणि वेगळा राउटर लागेल. घरून काम करणाऱ्यांनी तरी हा खर्च टाळू नये. फोनवर ओटीपी सांगून टाकणाऱ्याला मात्र यातलं काहीच वाचवणार नाही.

घरचं जमलं की सोसायटीच्या कमिटीकडे जा. सेक्रेटरींना मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून अनेक ठिकाणी डीव्हीआरचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडलेला असतो, पासवर्ड तोच पहिल्या दिवशीचा. तो पोर्ट बंद करा, तिथेही अशीच फायरवॉल बसवा, तिच्यावर वायरगार्ड हे व्हीपीएन चालू करा आणि गरजेच्या दोन-तीन माणसांच्या फोनवर त्याची किल्ली द्या. कॅमेरे बसवणारा म्हणेल, मग मोबाइलवर दिसणार नाही. दिसेल. आधी वायरगार्डचं एक बटण दाबावं लागेल, एवढंच.