आल्प्स, व्हाया घाणेवाडी

जालन्यातल्या आमच्या एका स्नेह्यांनी यंदा स्वित्झर्लंडला जाऊन एक अख्खा दिवस थंड हवेत सायकल चालवली. ‘सोने का पालना’ म्हणवणाऱ्या गावाला हे शोभूनच दिसते. व्हिसा, विमान, भाड्याची सायकल, मागून सामान वाहणारी गाडी, एवढ्या तयारीशिवाय पायडल मारणे म्हणजे निव्वळ दारिद्र्य, हे त्यांनी आम्हाला सप्रमाण पटवून दिले.

नाहीतर आमच्या जिल्ह्यातल्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर, डिसेंबरच्या गारठ्यात, कानाला स्कार्फ गुंडाळून, ज्वारीच्या शेतांमधून शाळेला निघतात. मागे कॅरिअरला दप्तर. एक फोटोसुद्धा काढत नाहीत! इतका उंची अनुभव फुकट वाटणे हा सरकारी तिजोरीवर उघड अन्याय आहे. तरी या प्रवासास ‘शीतहवा सायकल सहल’ घोषित करून माणशी शुल्क आकारावे, भोकरदनकडच्या अजिंठा डोंगररांगेस ‘लघु आल्प्स’ म्हणावे आणि खड्ड्यांची नोंद ‘नैसर्गिक चढउतार’ अशी करावी, ही नम्र विनंती.

समृद्धी महामार्गाचे धोरण तर आदर्शच. 701 किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता, जालन्यावरून जाणारा, आणि त्यावर सायकलीला मनाई. हौस असेल तर परदेशी जा, हे याहून सौजन्याने कसे सांगणार?

स्नेही परतल्यावर आम्ही सुचवले, रविवारी सकाळी सायकलने घाणेवाडी तलावावर जाऊ.

“जाऊ की,” ते म्हणाले. “पार्किंग आहे ना तिथं? सायकल गाडीत टाकूनच आणतो.”