नव्याण्णव नंबरी

आयबीएमच्या आरपीजी भाषेचा जन्म १९५९चा. तिच्यात हो-नाहीचे झेंडे ०१ ते ९९. आता ४७ नंबरचा झेंडा वर झाला, म्हणजे ग्राहक सापडला नाही की थकबाकीदार निघाला? ज्याला ठाऊक होतं, तो कधीच निवृत्त झाला. अशा कोडच्या देखभालीला लातूर पॅटर्नचं पोरगं उत्तम. पाठांतराचा सराव दहावीपासूनचा. नव्याण्णव आकडे म्हणजे किरकोळच!

नांदेडच्या एका पोराला मात्र अवदसा आठवली. त्यानं आकड्यांना सरळ नावं दिली: ‘ग्राहक_सापडला_नाही’, ‘खातं_बंद’. भाषेत ती सोय आहेच, कित्येक वर्षांपासून. लातूरचे सीनियर हबकले. “अरे बाबा, हे सगळ्यांनाच कळाया लागलं, तर आपल्याला कोण विचारतंय?”