विहीर कॉलिंग

आमच्या सातारा जिल्ह्याला विजेचं काय कौतुक! कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट, शिवाय वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच रांग. तरी वळवाचा पहिला थेंब पडायच्या आत आमच्या पेठेतली वीज जाते आणि येते पहाटे तीनला. पूर्वी ती गुपचूप यायची. फ्रिज घरघरायचा, पंखा फिरायला लागायचा, आपण कूस बदलायची. घरात स्मार्ट बल्ब बसवले तेव्हापासून ती वाजतगाजत येते.

या बल्बांची रीत अशी, की भिंतीवरचा खटका कायम चालू ठेवायचा आणि उघडझाप मोबाईलवरून करायची. वीज जाऊन आली की आपला खटका कुणीतरी आत्ताच दाबला, असा त्यांचा समज होतो आणि ते पूर्ण ताकदीनं पेटतात. पहाटे तीनला माजघर, जिना, देवघर, न्हाणी, सगळ्याचं एकदम मंगल कार्यालय होतं. मोबाईलवरून विझवावेत तर राऊटरला अजून इंटरनेट सापडलेलं नसतं. ते सापडेपर्यंत आईनं अंघोळीचं पाणी तापत ठेवलेलं असतं.

"खटका दाब की रं," ती म्हणते.

"खटका बंद केला की बल्ब ऑफलाईन जातो, आई."

"मग जाऊ दे. रात्रीचं कुठं जायचंय त्याला?"

यावर कुठल्याच माहितीपुस्तिकेत उत्तर दिलेलं नाही. हॉलमध्ये आज्ञा ऐकणारा स्पीकरही आहे, पण आमची सातारी मराठी त्याच्या कानावरून जाते. म्हणून आई त्याच्याशी हिंदीत बोलते. "ए बाई, बत्ती मालवो," असं तिनं बजावलं की तो विचार करतो आणि कुठलं तरी गाणं लावतो. गाणं मात्र दर वेळी चांगलं असतं, हे कबूल केलं पाहिजे.

घरात एकाला कॉम्प्युटरमधलं कळतं अशी बातमी पसरली की ती जिल्ह्याच्या हद्दीत थांबत नाही. ताई सांगलीत, विश्रामबागला. तिच्या घरातले सगळे पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असतात. पंधरा तारखेच्या चौकोनात 'म्हैस १ लि.', त्याखाली वायफायचा पासवर्ड आणि कोपऱ्यात सिलिंडर लावल्याची खूण. पद्धत उत्तम आहे. जगातला कुठलाही हॅकर दुधाच्या हिशेबात डोकं घालणार नाही. भानगड होते ती एक जानेवारीला, नवं कॅलेंडर खिळ्यावर चढतं तेव्हा. मग दाजींचा फोन येतो.

"पाव्हणं, मेल उघडंना."

"'पासवर्ड विसरलात का?' असं खाली दिसतंय ना, तिथं दाबा."

"विसरलो कुठं? रद्दीत गेलाय. तसलं बटण न्हाई हितं."

शेवटी ओटीपी मागवायचा, तर तो भाच्याच्या फोनवर जातो, कारण खातं त्यानं उघडून दिलेलं. भाचा हिंजवडीत कुठल्याशा मीटिंगमध्ये. तो बाहेर येऊन आकडे सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते आणि दाजी चहाला उठलेले असतात.

या सगळ्या गोतावळ्यात मला हेवा वाटतो तो फक्त तात्यांचा. तात्या म्हणजे माझे चुलते. कराड तालुक्यात कृष्णाकाठी त्यांचा ऊस. फोन बटणांचा, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. मी नव्या फोनचं काही सांगायला लागलो की ते अत्यंत आदरानं ऐकतात आणि मधेच म्हशीकडे बघून येतात.

शेतीची थ्री फेज वीज पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीला तात्या बॅटरी आणि काठी घेऊन मोटर सुरू करायला निघायचे. वाटेत चिखल, साप, आणि हल्ली उसात बिबट्याही. मग त्यांनी विहिरीवरच्या पेटीत मोबाईल स्टार्टर बसवून घेतला. त्यात सिमकार्ड असतं. घरून नंबर लावला की फेज आहेत का, मोटर चालू आहे का, हे तो चक्क मराठीत सांगतो. बटण दाबलं की मोटर सुरू. एखादा फेज उडाला तर तो मोटर थांबवतो. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटर वीज कमी ओढते. तेवढ्यावरून ओळखून तो ती जळायच्या आत बंद करतो. आणि वीज आली की स्वतःहून फोन करतो.

नातवानं तो नंबर 'विहीर' या नावानं सेव्ह करून दिला. त्यामुळे भावकीतल्या एका लग्नात, मंगलाष्टकं शेवटच्या कडव्यात असताना तात्यांचा खिसा वाजला आणि शेजारच्या पाहुण्यांनी पडद्यावर वाचलं, विहीर कॉलिंग. पाहुणे दचकले. तात्यांनी डाव्या हातानं एक बटण दाबलं, उजव्या हातानं अक्षता टाकल्या आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सुटलं पाणी." नवरानवरीला तो आशीर्वादच वाटला.

किराणा दुकानात "आमच्या विहिरीला रिचार्ज मारा" असं सांगणारी माणसं आमच्याकडे आहेत, आणि कुणी मान वर करून बघत नाही. मी एकदा तात्यांना जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर, मोबाईलवरून उघडणारे व्हॉल्व्ह, सगळं आराखडा काढून समजावलं.

"त्यानं लाईट लवकर येती का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

त्यांना ऊस भिजवायचा असतो आणि मला सेन्सर बसवायचा असतो, एवढाच आमच्यात फरक.

ताईच्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. लॉकडाऊनच्या ऑनलाईन शाळेनं पोरांच्या हाती मोबाईल आले ते सुटेनात, म्हणून गावानं १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नेम धरला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. गाव टीव्ही आणि मोबाईल बंद करतं. साडेआठला पुन्हा भोंगा, मग चालू. ही बातमी बायकोनं मला मोठ्यानं वाचून दाखवली. माझा पहिला प्रश्न होता, भोंग्याला टायमर आहे का? तिनं चष्म्यावरून नुसतं बघितलं.

मग आमच्या घरातही ठराव झाला. रोज संध्याकाळी सात ते साडेसात, सगळ्यांचे फोन देवघरातल्या डब्यात. मी त्यासाठी एक ॲप घेतलं. आपण फोनला हात लावला नाही की ते खूश होतं आणि शाबासकीचा संदेश पाठवतं. तो वाजला की बघावं लागतं, आणि बघितलं की शाबासकी रद्द होते. ॲप काढलं. स्पीकरला भोंगा वाजवायला शिकवलं. तो इतका खणखणीत वाजला, की समोरच्या काकू टँकर आला म्हणून बादल्या घेऊन जिन्यात आल्या.

अखेर भिंतीवरच्या घड्याळावर ठरलं. डबा भरला, आम्ही गोल बसलो. जरा वेळ सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. मग मुलगी म्हणाली, माझ्या फोनमध्ये जागाच उरली नाही. बायकोनं विचारलं, तो बँकेचा मेसेज खरा होता का? आई म्हणाली, "स्टेटसला टाकलेला गणपती काढायचा कसा? सकाळधरनं सगळे बघायला लागलेत."

"सगळे म्हणजे कोण?"

"ते कळतं का कुठं?"

"कळतं. खाली डोळ्याचं चित्र असतं."

"आण बघू डबा," आई म्हणाली. तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती.