खांबाच्या अलीकडे

(रंगमंचावर डबल बेड. नट चादर झटकतो, अंथरतो. मग प्रेक्षकांकडे वळतो.)

डोंबिवलीतले एक काका आणि काकू. शिकागोच्या भाचीने चादर पाठवली. काकूंनी घडी उलगडली, काकांनी चष्मा लावला.

"अगं, हा तर रस्ता आहे!"

रस्ताच तो. पॅरिसचा! सँ-लाझार स्टेशनजवळचा चौक, गुस्ताव्ह कायबोतने १८७७ साली रंगवलेला. ओसमान नावाच्या अधिकाऱ्याने जुनं पॅरिस पाडून रस्तारुंदीकरण केलं, त्यातलाच. म्हणजे रुंदीकरण खरंच पूर्ण होतं! (डोंबिवलीकरांसाठी थांबतो.) ओले फरसबंदी दगड, दगडी इमारती आणि जिकडेतिकडे छत्र्या.

(खिशातून टेप काढतो.)

काका निवृत्त. निवृत्त माणसाच्या हाताशी टेप असतेच. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, २१२ बाय २७६ सेंटिमीटर. इंचात सुमारे ८४ बाय १०९. आणि चादर? (मोजतो.) ९० बाय १०८!

काकू म्हणाल्या, "मग मेल्याने चादरीवरच का नाही काढलं?"

तसं अगदीच अशक्य नव्हतं. घरात कापडाला तोटा नव्हता. कायबोतच्या वडिलांनी पैसा केला तोच मुळी फ्रेंच लष्कराला अंथरुणं-पांघरुणं पुरवून. त्या पैशावर पोरगा चित्रं काढी आणि मोने, रेन्वार अशा कडक्या मित्रांची चित्रं विकत घेई. १८९४ मध्ये, पंचेचाळिशीतच गेला. जाताना तो सगळा संग्रह सरकारला ठेवून गेला. सरकारने त्यातली काही चित्रं घेतली, बाकीची नको म्हणाले! असो. तर चादरीवर आलेलं हे चित्र माहेरी आलंय.

काकूंना मात्र माहेरपणापेक्षा रंगाची काळजी. पांढरा रुमाल ओला केला आणि कोपऱ्यावर खसाखसा घासला. (रुमाल दाखवतो. स्वच्छ.) सुती कापडावर छापलेली ही शाई नुसती वर बसत नाही. वाफ दिली की धाग्याशी एकजीव होते, मग धुऊन जादा रंग काढतात. काकूंनी तरी दुसरा कोपरा घासलाच.

खरी भानगड रात्री झाली.

चित्राच्या मधोमध दिव्याचा हिरवा खांब आहे. चादर आडवी घातली की खांब उशापासून पायथ्यापर्यंत. सरळ फाळणी! डावीकडे काका. त्यांच्या वाट्याला मोकळा, ओला रस्ता आणि लांबची एक घोडागाडी. उजवीकडे काकू. त्यांच्याकडे छान जोडपं. एका छत्रीखाली, हातात हात घालून. बाईच्या कानात चमकतं कर्णफूल, बाप्याला उंच टोपी. आणखी पलीकडे पाठमोरा एक गृहस्थ, चित्रकारानेच अर्धा कापलेला. तो गादीवरून खाली लोंबतोय.

"अहो, खांबाच्या अलीकडे या की."

"येतो. पण तुझ्याकडे आधीच तीन माणसं आहेत!"

(आडवा होतो. छताकडे बघत.) काकांना झोप लागेना. दिवा लावून चित्र पुन्हा पाहिलं. नाव 'पॅरिसचा रस्ता, पावसाळी दिवस', पण पडणारा थेंब एकही दिसत नाही. नुसत्या छत्र्या आणि ओलेते दगड. सकाळी काकांनी फैसला दिला, "हा पाऊस नव्हे. महापालिकेचा टँकर फुटलाय."

शनिवारी चादर पहिल्यांदा धुतली. बाल्कनीतल्या दोरीवर पॅरिस वाळत पडलं, खाली डोंबिवलीचे रिक्षावाले. काकूंनी चारही टोकांना चिमटे लावले, एक नेमका टोपीवाल्याच्या छत्रीला. जुलै महिना. साडेचार वाजता आभाळ भरून आलं.

(ढगांचा गडगडाट. पहिले थेंब.)

"अहो! पाऊस आला! चादर काढा!"

काका बाल्कनीत गेले. थेंब टपटप पडत होते, फरसबंदीवर, घोडागाडीवर, कर्णफुलावर.

"काढताय ना?"

"थांब गं. आत्ता कुठे पूर्ण होतंय."

(अंधार.)