पोटफुगीवर एन्झाइम कसं घ्यावं : नवशिक्यांसाठी

जेवण झालं की पोट डब्ब होतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि डॉक्टर म्हणतात 'आयबीएस', म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम? अरेरे! पण खचू नका. सांगतो तसं करा.

१. आपल्यात एन्झाइम कमी आहे, असं आधी ठरवून टाका. तपासणी नको. एन्झाइम बनवणारं स्वादुपिंड ठणठणीत निघालं तर पुढचं सगळंच मुसळ केरात.

२. केमिस्टच्या काउंटरवर कोपर टेकवून 'गॅसवर काहीतरी द्या' म्हणा. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचू नका. तिथे फंगल डायस्टेज, पपेन, पेप्सिन अशी नावं असतात. फंगल डायस्टेज बुरशीपासून काढतात, ते स्टार्च फोडतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १८९४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं, त्याआधी लोक भात कसा पचवत कोण जाणे. पपेन कच्च्या पपईच्या चिकातलं. पेप्सिन डुकराच्या जठरातून काढण्याची जुनी रीत. हा तपशील संकष्टीला टाळावा. पपेन आणि पेप्सिन प्रथिनं फोडतात.

३. आता मिसळ खा. वर कांदा जास्तीचा मागा, तर्रीत लसूण आहेच. या दोघांतलं फ्रुक्टान पचवणारं एन्झाइम माणसाकडे नसतं. ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि गॅस सोडतात. बाटलीतल्या तिघांपैकी एकालाही त्याला हात लावता येत नाही. तरी दोन चमचे घ्या, पैसे मोजलेत.

४. सकाळी अनशापोटी ॲसिड कमी करणारी गोळी, दुपारी पेप्सिन. पेप्सिनला कामासाठी ॲसिडच लागतं. म्हणजे आचारी बोलवायचा आणि शेगडी विझवायची.

५. ढेकर आली तर औषध लागू पडलं. नाही आली तर ब्रँड बदला.

६. कुणी म्हणेल, आयबीएसमध्ये बरेचदा गॅस फार नसतोच. आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, काहींचं तर श्वासपटल खाली सरकतं आणि पोटाचे स्नायू सैल पडतात, म्हणून पँटचं बटण लागत नाही. अशा माणसाला पुन्हा जेवायला बोलावू नका.

७. दूध बाधणाऱ्याला लॅक्टेजची गोळी उपयोगी पडते, पण त्यासाठी दूधच बाधतंय हे शोधावं लागतं. कोण करणार? राजम्याच्या गॅसवर तो रात्रभर भिजवून पाणी फेकण्याचा उपाय तर फुकट, म्हणजे बादच.

थट्टा इथे संपली. शौचातून रक्त पडत असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, तर बाटली ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.