पाच हजार पौंडांची फुशारकी

अमेरिकेत एसयूव्हीच्या जाहिरातीत ‘5,000 पौंड ओढते’ असं ठळक छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक तेवढंच वाचतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर कोण वाचतो? माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, ते तिथे लिहिलेलं असतं. त्यातच कॅम्पिंग ट्रेलरचा हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, पडणारा भार धरायचा, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के. 3,500 पौंडांचा ट्रेलर म्हणजे साडेतीनशे ते सव्वापाचशे पौंड गेलेच. आता मुलं, कुत्रा आणि कूलर यांतलं कोण घरी राहणार, ते ठरवा. हिचवरचा भार हलका करायला ट्रेलरमधलं सामान मागे सरकवलं, तर ट्रेलर हायवेवर डुलायला लागतो.

ट्रेलरचं माहितीपत्रक तर आणखी साळसूद. त्यातलं वजन कोरडं! 20 गॅलन पाणी भरलं की 167 पौंड वाढले, सामानसुमान वेगळंच. निसर्गात म्हणे साधं राहायचंय.

शेवटी कॅम्पग्राउंडवर रिव्हर्स. स्टिअरिंग डावीकडे, ट्रेलर उजवीकडे, आणि मागे उभा नवरा दोन्हीकडे हातवारे करतोय. शेजाऱ्यांनी खुर्च्या कधीच इकडे वळवल्यात.