स्टिअरिंगवरचे बुवा

आयर्लंडच्या ग्रुप टूरच्या ब्रोशरमध्ये सगळं असतं. मोहरचे कडे असतात, हिरवी कुरणं असतात, डब्लिनची रंगीत दारं असतात, फेसाळ गिनेसचा ग्लास असतो. ज्याच्या भरवशावर हे सगळं बघायचं तो माणूस मात्र त्यात कुठेच नसतो. तो भेटतो थेट विमानतळाबाहेर, आपल्या बॅगा कोचच्या पोटात ढकलताना. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, गाल लालबुंद, पांढऱ्या शर्टावर कंपनीचा टाय आणि कानामागून वळून तोंडापुढे आलेला माईक. हुद्दा ड्रायव्हर-गाईड. म्हणजे गाडीही तोच हाकणार आणि गप्पाही तोच हाकणार.

मराठी माणसाला हा गृहस्थ पहिल्या तासातच ओळखीचा वाटू लागतो. हे तर आपले कीर्तनकार बुवा! सकाळी पूर्वरंग, जेवणानंतर लोक पेंगायला लागले की आख्यान, मधूनच एखादं पद, आणि साथीला झांजांऐवजी वायपर. आयर्लंडात वायपरची साथ सहसा सुटत नाही. मुंबईहून सोबत आलेल्या टूर मॅनेजरने अंताक्षरीसाठी दुसरा माईक काढून ठेवलेला असतो. तो शेवटपर्यंत पिशवीतच राहतो.

पूर्वरंग डब्लिनचा. 1759 मध्ये आर्थर गिनेसने दारूभट्टीसाठी जागा घेतली ती 9,000 वर्षांच्या करारावर, वर्षाला 45 पौंड भाड्याने. बुवा आकडा सांगतात, आरशातून मागे बघतात आणि म्हणतात, ‘‘अजून आठ हजार सातशेच्या वर वर्षं बाकी आहेत, तेव्हा सावकाश प्या.’’ कोच हसतो. ग्रुपमधले गिरगावचे पागडीवाले काका मात्र हसत नाहीत. भाडेवाढीचं कलम काय होतं, हे त्यांना कळायला हवं असतं. पुढे कंपनीने ती जागाच विकत घेतली आणि तो करार कागदावरच राहिला, हे बुवा सांगत नाहीत. सांगितलं तर गोष्टीतला मालमसाला जातो.

मेरियन स्क्वेअरला कोच हळू होतो. सारख्या उंचीची, सारख्या विटांची घरं आणि त्यांना पिवळी, निळी, लाल, हिरवी दारं. बुवा सांगतात की रात्री पिऊन येणारे नवरे चुकून शेजारच्या घरात शिरायचे, म्हणून बायकांनी दारं रंगवून घेतली. हे पुण्याच्या वहिनींना लगेच पटतं. गावोगाव फिरून कोच पुन्हा डब्लिनला येतो तेव्हा त्याच चौकात, त्याच दारांसमोर बुवा वेगळीच हकिगत लावतात. व्हिक्टोरिया राणी वारली, दुखवट्यासाठी दारं काळी रंगवा असा वरून हुकूम आला, म्हणून डब्लिनकरांनी मुद्दाम भडक रंग दिले. वहिनी वही उघडून म्हणतात, ‘‘पण तुम्ही आधी नवऱ्यांचं सांगितलं होतं!’’ बुवा शांतपणे म्हणतात, ‘‘तेव्हा आपली ओळख झाली नव्हती.’’ घरं एका साच्याची असल्यामुळे मिरवायला फक्त दारच उरलं होतं, हे साधं कारण त्यांना ठाऊक असतं. पण साधं कारण सांगून आजवर कुठल्या कीर्तनकाराचं पोट भरलंय?

बुवांची खरी कसोटी लागते ती मोहरच्या कड्यांवर. अटलांटिकमधून सरळ 214 मीटर उठलेली ही भिंत बघायला लोक सातासमुद्रापलीकडून येतात आणि वर पोचल्यावर त्यांना दिसतं ते धुकं. पांढरंशुभ्र, शंभर टक्के धुकं. रेनकोट घातलेला ग्रुप कठड्याला रांगेने उभा असतो आणि ‘पैसे वाया गेले’ हे वाक्य ओठांवर आलेलं असतं. अशा वेळी बुवा पुढे होतात. ‘‘हे समोर अ‍ॅरन बेटं. उजवीकडे ओब्रायनचा मनोरा, 1835 चा. खाली, तिथे, पफिन पक्षी. ते बघा, एक उडाला!’’ लोक खरंच बघतात. एक आजोबा फोटोही काढतात. परतीच्या वाटेवर तेच आजोबा दुसऱ्या ग्रुपला सांगत असतात, ‘‘लाल चोचीचा होता, छोटासा.’’ अशा हवेत आयर्लंड डोळ्यांनी बघायच्या नादी लागलं तर रेनकोटाच्या आतल्या बाजूशिवाय काही दिसत नाही. ते कानांनी बघावं लागतं आणि त्याची सोय बुवांच्या माईकमध्ये असते.

माईकवर काहीही खपत असलं तरी रस्त्यावर बुवांना बेशिस्त चालत नाही. रिंग ऑफ केरी हा 179 किलोमीटरचा फेरा. रस्ता इतका अरुंद की दोन कोच समोरासमोर आले तर एकाला मागे जाण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून सगळ्या कोचनी किलार्नीहून निघून घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरायचं, असा तिथला रिवाज. भाड्याची मोटार घेतलेला एखादा हौशी पर्यटक त्या वळणांवर समोरून येतो आणि हिरव्या डोंगराऐवजी कोचची काच बघून गारठतो. बुवा माईक बंद करतात, हाताने त्याला मागे घेतात, इंच इंच सरकवतात. तो सुटला की माईक चालू. ‘‘जर्मन होता,’’ ते जाहीर करतात. नंबर प्लेट डब्लिनची असते. पण बुवांच्या कीर्तनात चुकीच्या दिशेने येणारा नेहमी परदेशीच असतो.

मग लागतो क्लेअर परगण्यातला लाटून नावाचा टापू आणि हायवेच्या कडेला एक खुरटं काटेरी झुडूप. ही पऱ्यांची जागा. 1999 मध्ये नवा रस्ता यावरून जाणार होता. एडी लेनिहन या कथाकाराने बजावलं की झुडूप तोडलंत तर रस्त्यावर अपघात होतील. पेपरांत गाजावाजा झाला आणि अखेर झुडूप राखून रस्ता झाला. 2002 मध्ये कुणीतरी रात्रीत त्याच्या फांद्या छाटल्या, तर ते पुन्हा फुटलं. इंजिनीअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले सर पुढे वाकून विचारतात, ‘‘तुमचा विश्वास आहे का पऱ्यांवर?’’ बुवा म्हणतात, ‘‘छे! मुळीच नाही.’’ आणि झुडपापाशी वेग थोडा कमी करतात. सरही काचेतून हळूच नमस्कार करतात. कुणी पाहिलं नाही असं दोघांनाही वाटतं.

सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडात शिरताना ना चौकी लागते ना शिक्का. पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात, एवढाच काय तो फरक. जायंट्स कॉजवेवर बुवांचं आख्यान रंगात येतं. समुद्रात उतरलेले बेसाल्टचे सुमारे 40,000 खांब, बरेचसे षट्कोनी. फिन मॅककूल या राक्षसाने स्कॉटलंडच्या राक्षसाशी भांडायला हा रस्ता बांधला. समोरचा आपल्याहून आडदांड आहे हे दिसताच हा पळत घरी आला. बायकोने त्याला दुपटं गुंडाळून पाळण्यात घातलं. पाहुण्या राक्षसाने ते अवाढव्य बाळ पाहिलं, बाळ एवढं तर बाप केवढा असेल या विचाराने त्याची गाळण उडाली आणि तो रस्ता उखडत पळाला. महिला मंडळ टाळ्या वाजवतं. मग अंधेरीचे एक काका खांबांवर हात फिरवून म्हणतात, ‘‘असलंच काहीतरी आमच्या घरामागे आहे.’’ कोणी लक्ष देत नाही. पण काका बरोबर असतात. अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल म्हणजे असाच बेसाल्टच्या खांबांचा सुमारे 200 फुटी कडा. वय 6 कोटी 60 लाख वर्षं, म्हणजे कॉजवेहूनही थोरला. भोवती इमारती, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. काका जन्मात कधी वर चढलेले नसतात. बुवा हे ऐकून गंभीर होतात. ‘‘आणि तिथला राक्षस कोणता?’’ काका विचार करून सांगतात, ‘‘बिल्डर.’’ पुढच्या ग्रुपच्या आख्यानात फिनचा एक चुलतभाऊ मुंबईला राहायला गेलेला असणार, याबद्दल शंका नको.

मंडळी महाराष्ट्राची आहेत म्हटल्यावर बुवा हुकमी पान टाकतात. ते म्हणजे लिओ वराडकर. 2017 मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी आयर्लंडचा पंतप्रधान झालेला हा माणूस म्हणजे मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा. ग्रुपमधल्या सिंधुदुर्गच्या नाना सावंतांसारख्या कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येतं. ‘‘आमच्या गावचो झील!’’ बुवा मात्र मतदार असतात. घरांच्या किमती, इस्पितळातल्या रांगा, डिझेलचा भाव, एकेक तक्रार ते काढतात. नाना प्रत्येकीला उत्तर देतात, जणू मंत्रिमंडळ त्यांच्या पडवीत बसत होतं. दोघांना एकमेकांचं इंग्रजी निम्मंच कळतं. त्यामुळे वाद अर्धा तास टिकतो आणि कुणीही हरत नाही.

एका विषयावर मात्र बुवा विनोद करत नाहीत. कॉनेमाराच्या डोंगरउतारांवर गवताखाली समांतर वरंबे दिसतात. कोच बाजूला घेऊन ते सांगतात की ही बटाट्याची जुनी शेतं. 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि 1852 पर्यंतच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी दहा लाखांनी देश सोडला. 1841 मध्ये या बेटावर ऐंशी लाखांहून जास्त लोक होते. तो आकडा आजही गाठला गेलेला नाही. अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी, जे स्वतः आपल्या भूमीवरून हाकलले गेले होते, 1847 मध्ये 170 डॉलर गोळा करून पाठवले. त्याची आठवण म्हणून कॉर्क परगण्यात मिडल्टनला पोलादी पिसांचं शिल्प उभं आहे. हे सांगताना बुवांच्या तपशिलात एक वर्ष, एक आकडा इकडचा तिकडे होत नाही. दुपारी जेवणात उकडलेला बटाटा, कुस्करलेला बटाटा आणि भाजलेला बटाटा अशा तीन भाज्या एका ताटात येतात. एरवी शाकाहारी मंडळींनी टूर मॅनेजरला धारेवर धरलं असतं. त्या दिवशी सगळ्यांची ताटं स्वच्छ होतात.

आणि दुसरी जागा, जिथे बुवा कधी थाप मारत नाहीत, ती म्हणजे डॅशबोर्डवरचा टॅकोग्राफ. साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं विश्रांती, दिवसाला साधारण नऊ तास, हा युरोपचा कायदा. यंत्र सगळं नोंदवतं आणि यंत्राला गोष्टी आवडत नाहीत. त्यामुळे ‘नऊ वाजता’ म्हणजे नऊ वाजता. आपली मंडळी ‘पाचच मिनिटं’ म्हणून स्वेटरच्या दुकानात घुसतात तेव्हा बुवा दारात उभे राहून डोकी मोजतात. टूर मॅनेजर रात्री दहाला लाडीगोडी लावतो की जरा वळसा घेऊन इंडियन रेस्टॉरंटला जाऊ, सगळ्यांना वरणभाताची आठवण येतेय. बुवा टॅकोग्राफकडे बोट दाखवतात. पऱ्यांना, राक्षसांना, नवऱ्यांना त्यांच्याकडे सूट आहे, पण वरणभाताला नाही.

तेव्हा आयर्लंडची टूर बुक करताना हॉटेलला किती स्टार आणि जैन जेवण मिळेल का, हे तर विचाराच, पण गाडी कोण चालवणार हेही विचारा. रोज सीट बदलायचा नियम असतो. डावीकडची पहिली सीट ज्या दिवशी तुमच्या वाट्याला येईल त्या दिवशी झोपू नका. तारखा आणि उंच्या नंतर पुस्तकात तपासा, बुवांच्या तोंडावर नको. आणि शेवटच्या दिवशी बिदागीचं पाकीट भरताना हात आखडता घेऊ नका. पैसे तुम्ही एका गोष्टीचे भरलेले असतात, दारांची दुसरी गोष्ट त्यांनी फुकट सांगितलेली असते.